विभावरी शिरूरकर : जीवन व कादंबरीलेखन



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले, आणि आज वैजनाथाच्या या नगरीत आपण उन्हाळ्याच्या संध्याकाळी असे एकत्र बसलो आहोत. चालकांनी आम्हांस एका कादंबरीकर्तीविषयी बोलण्यास सांगितले, तेव्हा आमच्यापुढे प्रथम जनाबाई उभी राहिली. तिचे गंगाखेड आपल्या अगदी शेजारचे. सातशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या एका स्त्रीने आपले मन आपल्याच शब्दांत बोलून दाखविले, हे या परिसराला नवीन नाही. परंतु जनाबाईला एक सोय होती. तिचे सारे गाऱ्हाणे विठ्ठलाशी होते आणि विठ्ठलापाशी बोललेले समाज खपवून घेतो. तेच गाऱ्हाणे एखादी स्त्री आपल्या बापाविषयी, नवऱ्याविषयी, कायद्याविषयी सांगू लागली, तर काय होते? आज ज्या लेखिकेची ओळख आम्ही करून देणार आहोत, तिचे आयुष्य हे या प्रश्नाचे उत्तर आहे.

ती लेखिका म्हणजे विभावरी शिरूरकर. या नावाची कोणी बाई जन्माला आली नव्हती. जन्माचे नाव बाळूताई खरे, लग्नानंतरचे मालतीबाई बेडेकर. १९०५ साली त्यांचा जन्म झाला आणि २००१ साली, विसावे शतक जवळजवळ संपूर्ण पाहून, त्या निवर्तल्या. तीन नावांनी जगलेल्या या एकाच बाईची हकीकत आता क्रमाने पाहू.

पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी शिरूर हे गाव आहे. तेथे अनंतराव खरे हे शिक्षणाचा ध्यास घेतलेले गृहस्थ राहत. त्यांच्या पत्नी इंदिराबाई यांनी सुमारे पंचवीस वर्षे दुधाचा धंदा स्वतः सांभाळला. त्या काळी ब्राह्मणाच्या घरातील बाईने गाईम्हशींचा व्यवहार पाहावा, हिशेब ठेवावा, ही गोष्ट लहान नव्हे. मुलीच्या मनावर दोन संस्कार घरातच झाले असले पाहिजेत : वडिलांकडून विचाराचा आणि आईकडून कष्टाच्या पैशाचा. पुढे बाळूताईंच्या लेखनात स्त्रीच्या भावनेबरोबर तिच्या मिळकतीचा प्रश्न इतक्या रोखठोकपणे येतो, त्याचे मूळ आम्हांला शिरूरच्या त्या गोठ्यात दिसते.

अनंतरावांनी मुलीला अजाण वयातच हिंगण्यास पाठविले. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला, हे आपणांस ठाऊक असेल. पुढे १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले. या विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये होती. तेथे उच्च शिक्षण मातृभाषेतून मिळे, आणि तेथील पदव्यांची नावेही आपल्याकडची होती. बी. ए. च्या जागी गृहीतागमा, एम. ए. च्या जागी प्रदेयागमा. जिने ज्ञान घेतले ती गृहीतागमा; जी आता ते दुसऱ्यास देऊ शकते ती प्रदेयागमा. बाळूताईंनी या दोन्ही पदव्या मिळविल्या. महाविद्यालयाचा अभ्यास तर त्यांनी विशी उलटण्यापूर्वीच संपविला होता. तेथे वामन मल्हार जोशी यांच्यासारखे अध्यापक होते. 'रागिणी' लिहिणारा हा मनुष्य प्रश्नाच्या दोन्ही बाजू शांतपणे मांडी व निर्णय वाचकावर सोडी. शिष्येने गुरूची शांतता घेतली नाही, पण प्रश्न सोडावयाचा नाही ही शिस्त मात्र घेतली.

शिक्षण संपल्यावर बाळूताई पुण्यात, कर्व्यांच्याच संस्थेशी संबंधित असलेल्या कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. या काळात त्यांनी क. न. केळकर यांच्याबरोबर 'हिंदु व्यवहार धर्मशास्त्र' नावाचा ग्रंथ लिहिला. कादंबरीकर्तीच्या चरित्रात हा ग्रंथ बाजूला टाकण्याकडे कल असतो. आम्हांला तसे वाटत नाही. विवाह, वारसा, पोटगी, स्त्रीधन यांविषयी शास्त्र काय म्हणते व न्यायालय काय म्हणते, हे जिने समजून घेतले, तिची कादंबरी हवेत राहत नाही. तिची नायिका रडते तेव्हा ती कोणत्या नियमाखाली रडते आहे, हे लेखिकेला माहीत असते.

याच शाळेत व वसतिगृहात त्यांना आपल्या गोष्टींची माणसे भेटली. १९२०-३० च्या सुमारास मध्यमवर्गात एक नवीन प्रकारची मुलगी तयार झाली होती. ती शिकली होती, पंचवीस-तीस वर्षांची झाली होती, नोकरी करीत होती, आणि तिचे लग्न झाले नव्हते. समाजसुधारकांनी तिच्या शिक्षणापर्यंतचा विचार केला होता. त्याच्या पुढचा कोणी केला नव्हता. शिकलेल्या मुलीला हुंडा कमी पडेल अशी आशा होती, ती खोटी ठरली. रूपाने सामान्य असेल तर स्थळे येत नसत, आणि पगार चांगला असेल तर घरच्यांना स्थळ शोधण्याची घाई नसे.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. प्रकाशक ह. वि. मोटे, लेखिका विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूरकर म्हणजे शिरूरची. अंधारात उभे राहून बोलणारी, पण आपले गाव न विसरणारी, असे हे नाव. संग्रहातील एका कथेचे शीर्षकच आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मिळवत्या मुलीने वडिलांचा संसार ओढावा, धाकट्या भावंडांची शिक्षणे करावीत, आणि तिला स्वतःचा संसार हवा असे तिने म्हणताच घराने ते कृतघ्नपण समजावे, हा त्या कथेचा विषय.

येथे आम्ही एक घरगुती गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, सातवी होऊन प्राथमिक शाळेत मास्तरीण झाली. पगाराच्या दिवशी ती पाकीट न उघडता वडिलांच्या हातात देई. वडील त्यातून दोन रुपये तिला परत करीत आणि ती त्यांच्या पाया पडे. आमची कॉलेजची फी त्या पाकिटातून गेली. अक्काला स्थळे येत व परत जात. पत्रिका जुळत नाही असे आम्हांस सांगितले जाई आणि आमचा त्यावर विश्वास होता. बी. ए. च्या वर्षाला असताना हा कथासंग्रह आमच्या हाती पडला. वर सांगितलेली कथा आम्ही रात्री वाचली आणि पत्रिका का जुळत नव्हत्या ते कळले. त्यात वडील दुष्ट नव्हते. ते थकलेले होते. पण आम्ही मुलगे तरी काय विचारीत होतो? पुढे सुट्टीत ते पुस्तक आम्ही अक्काला दिले. दोन दिवसांनी तिने ते परत केले आणि एवढेच म्हणाली, "हिला आपल्या घरचं कुणी सांगितलं रे?" चांगल्या पुस्तकाची याहून मोठी पावती आम्ही कोणत्याही टीकाकाराच्या लेखात वाचलेली नाही.

पुण्यामुंबईत मात्र या पुस्तकाचे स्वागत निराळ्या प्रकारे झाले. मोठे वादळ उठले. निषेध झाले, टीकालेख आले, आणि लेखिकेचा शोध सुरू झाला. कुलीन स्त्रियांच्या मनात असले विचार येतात तरी कसे, असा अनेकांचा प्रश्न होता. त्यातून निघालेले अनुमान मोठे गमतीचे होते. पुष्कळांनी ठरविले की हा कोणी पुरुष असला पाहिजे. स्त्रीचे मन जितके उघडपणे मांडले गेले, तितकी ते मांडणारी स्त्री नसावी अशी लोकांची खात्री होत गेली!

या ठिकाणी जगाकडे थोडी नजर टाकू. इंग्लंडात शार्लट ब्राँटीने १८४७ साली 'जेन एअर' प्रसिद्ध केली ती करर बेल या नावाने. मेरी ॲन इव्हान्स ही जॉर्ज एलियट झाली. स्पेन देशातले उदाहरण तर आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. तेथे सेसिलिया ब्योल दे फाबेर नावाची बाई होती. तिचा जन्म १७९६ चा. १८४९ साली तिची 'ला गाव्योता' ही कादंबरी एका वर्तमानपत्रातून क्रमशः आली आणि स्पेनमध्ये वास्तववादी कादंबरीची वाट तिने मोकळी केली असे मानतात. पण पुस्तकावर नाव होते फेर्नान काबायेरो. हे नाव तिने कोठून घेतले? ला मांचा प्रांतातल्या एका खेडेगावाचे ते नाव! डॉन किहोटेचा तो मुलूख. एक बाई स्पेनमध्ये गावाचे नाव पांघरते आणि एक बाई महाराष्ट्रात. फरक एवढाच की युरोपातील या तिघींनी पुरुषाची नावे घेतली. विभावरीबाईंनी तसे केले नाही. त्यांनी नाव लपविले, स्त्रीत्व लपविले नाही. आणि तरीही लोकांनी त्यांना पुरुष ठरविले.

टोपणनाव घेणे हा भित्रेपणा होता काय, असे कोणी विचारील. विचार करावा की कन्याशाळेतील एक अविवाहित शिक्षिका हे लिहीत होती. तिच्या नावावर तिची नोकरी होती, संस्थेचा लौकिक होता, शाळेत मुली पाठविणाऱ्या पालकांचा विश्वास होता. स्त्रीशिक्षणाचे विरोधक तर टपलेलेच होते. मुली शिकल्या की काय होते पाहा, असे म्हणण्याची संधी त्यांना मिळाली असती. ज्या संस्थेने आपल्याला घडविले तिच्यावर धोंडा पडू नये आणि जे दिसते ते सांगितल्यावाचूनही राहू नये, या दोन कर्तव्यांमधून हे नाव निघाले. आम्ही त्याला भित्रेपणा म्हणणार नाही.

वादळ शमण्याची वाट न पाहता १९३४ साली 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. तिची नायिका अचला. तिचे लग्न मोडले आहे, पण कायद्याने ते सुटलेले नाही. ती शिकलेली आहे, स्वतःच्या पायांवर उभी आहे. तिच्या आयुष्यात दुसरा पुरुष येतो, दोघांचे एकमेकांवर प्रेम बसते, आणि लग्नाचा विधी शक्य नसताना ती त्याच्याबरोबर राहण्याचा व आई होण्याचा निर्णय घेते. आज हे कथानक ऐकून आपल्यातील तरुणांना फारसे नवल वाटणार नाही. म्हणून १९३४ साली कायदा काय होता हे सांगणे अवश्य आहे.

त्या वेळी हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. स्त्रीला मात्र, नवरा कसाही असला, त्याने तिला टाकले तरी, शास्त्रोक्त विवाहातून सुटका नव्हती. अनेक जातींत काडीमोड व पाट यांची रूढी होती आणि ती न्यायालये मानीत. पण ज्यांना आपण वरिष्ठ म्हणवितो त्या जातींत ते दार बंद होते. बडोदे संस्थानाने १९३१ साली घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आणि घटस्फोटाचा १९४७ मध्ये झाला. आपली परळी तेव्हा निजामच्या राज्यात होती, म्हणून मुंबईचे हे कायदे आपल्याला लागू नव्हते. १९४८ च्या सप्टेंबरात आपण मुक्त झालो आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही वाट सर्वांना सारखी खुली झाली. याचा अर्थ असा की अचलेने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर देण्यास कायद्याला मुंबईत तेरा आणि आपल्याकडे एकवीस वर्षे लागली. कादंबरीने कायदा बदलला असे आम्ही म्हणत नाही. कायदा बदलण्याआधी लोकांच्या मनात तो प्रश्न कोणी तरी निर्माण करावा लागतो, एवढेच आमचे म्हणणे.

कादंबरीचे नावही नीट पाहावे. हिंदोळा म्हणजे झोपाळा. तो जुन्या मनाकडून नव्याकडे जातो आणि पुन्हा मागे येतो. अचला बंडखोर आहे, पण तिचे बंड निर्वेध नाही. मुलाला समाज काय म्हणेल, आपला निर्णय खरोखर आपला आहे की प्रेमाची भूल आहे, या शंका तिला सोडीत नाहीत. लेखिका तिला विजयी वीरांगना करीत नाही. आपल्यासारखे माणूस राहू देते. यातच या कादंबरीचा प्रामाणिकपणा आहे.

१९३५ मध्ये 'विरलेले स्वप्न' ही कादंबरी आली. यानंतर बाईंच्या आयुष्याने मोठे वळण घेतले. १९३६ साली शाळा सोडून त्या सोलापूरला सरकारी नोकरीवर गेल्या. काम होते तेथील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत, जिला लोक सेटलमेंट म्हणत. सोलापूर आपल्याला दूर नाही आणि या वसाहतीचे नाव तेथे अजून लोकांच्या तोंडी आहे. ही भानगड काय होती ते थोडक्यात सांगतो. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पुढे १९११ व १९२४ च्या कायद्यांनी तो अधिक कडक झाला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, भामटे अशा जमातींतील माणसांना तारेच्या कुंपणात ठेवीत. ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, बाहेर जाण्यास परवाना लागे. गिरण्यांना यातून मजूर मिळत. कुंपणात जन्मलेले मूल चोरी करण्यापूर्वीच चोर ठरे.

हिंगण्याच्या वातावरणात वाढलेल्या बाईला हे जग पाहावयास मिळाले, ते अधिकारी म्हणून. यात एक अवघड गोष्ट होती. कुंपणाचे दार उघडण्याची व लावण्याची सत्ता ज्या व्यवस्थेकडे होती, त्या व्यवस्थेची त्या स्वतः नोकर होत्या. या अनुभवाचे पुस्तक होण्यास चौदा वर्षे लागली. १९५० साली 'बळी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत मांग-गारुड्यांचे वसाहतीतील जीवन आहे : त्यांची भूक, त्यांचे हेवेदावे, त्यांची माया, आणि सुधारण्यासाठी आलेल्या लोकांचा भला किंवा बुरा हस्तक्षेप. लेखिकेने त्यांना देवमाणसे केले नाही आणि त्यांच्या दुःखाचे प्रदर्शनही मांडले नाही. १९३३ मध्ये ज्यांनी म्हटले होते की या बाईला मध्यमवर्गातील पोरींच्या लग्नापलीकडे काही दिसत नाही, त्यांना हे उत्तर होते. कादंबरीनंतर दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, तो कायदा देशभर रद्द झाला; तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मराठीत दलित व भटक्या समाजातील लेखकांनी आपली आत्मचरित्रे लिहिली ती पुढच्या पिढीत. ती वाचल्यावर 'बळी' ही बाहेरून पाहिलेली हकीकत वाटते, हे खरे. पण जेव्हा आतल्या माणसाच्या हातात लेखणी नव्हती, तेव्हा कुंपणापाशी जाऊन कोणी तरी डोळे उघडे ठेवले, याचे मोल कमी नाही.

१९३८ साली बाळूताईंचा विवाह विश्राम बेडेकर यांच्याशी झाला. बेडेकर चित्रपटसृष्टीतले दिग्दर्शक. दुसऱ्याच वर्षी त्यांची 'रणांगण' ही कादंबरी आली आणि ती एकच कादंबरी मराठी वाङ्मयात त्यांचे नाव कायम करण्यास पुरेशी ठरली. बाळूताई आता मालतीबाई बेडेकर झाल्या. १९४० मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि लेखन व समाजकार्य यांस वाहून घेतले. समाजवादी चळवळीशी त्यांचा संबंध होता. नाटके झाली, 'जाई', 'शबरी' यांसारख्या कादंबऱ्या झाल्या. दोन चांगले लेखक एका घरात आले म्हणजे काय होते, याविषयी लोक कुतूहलाने बोलतात. आम्ही त्यात पडत नाही. एवढे मात्र दिसते की लग्नानंतरही 'विभावरी शिरूरकर' हे नाव त्यांनी टाकले नाही. ज्या नावाने वादळ सोसले ते नाव, गरज संपल्यावरही, त्यांना आपले वाटले असावे.

१९५३ सालचे 'खरेमास्तर' हे पुस्तक आम्हांला विशेष प्रिय आहे. यात त्यांनी आपल्या वडिलांची कथा कादंबरीच्या रीतीने सांगितली आहे. ज्या मुलीने 'बाबांचा संसार' असा प्रश्न विचारून बापांची झोप उडविली, तिनेच वीस वर्षांनी आपल्या बापाचे असे चित्र काढावे, हे पाहण्यासारखे आहे. मुलींनी शिकावे म्हणून हा बाप समाजाशी भांडला. मुली शिकल्या. मग त्या आपल्या बुद्धीने वागू लागल्या, आणि ज्याने त्यांना पंख दिले त्यालाच ते उडणे पाहणे जड गेले. सुधारकाचे दुःख हे असे असते. लेखिका येथे वडिलांना शिक्षा करीत नाही व त्यांची आरतीही ओवाळीत नाही. या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही झाले आहे.

१९६२ मध्ये त्यांनी 'घराला मुकलेल्या स्त्रिया' हे पुस्तक लिहिले. ही कादंबरी नव्हे, पाहणी आहे. ज्यांचे घर सुटले, ज्यांना घराबाहेर काढले, अशा स्त्रियांच्या हकीकती त्यात आहेत. आरंभी शास्त्रग्रंथ, मग कथा-कादंबरी, आणि पुन्हा पाहणीचा ग्रंथ, असे हे वर्तुळ पूर्ण होते. कल्पनेने जे मांडले ते तपासून पाहण्याची हिंमत फार थोड्या कादंबरीकारांत असते.

मानसन्मानाच्या बाबतीत काय झाले? मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ पासूनची. त्याच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री बसली ती १९६१ साली, कुसुमावती देशपांडे. त्यानंतर दुर्गाबाई भागवत १९७५ मध्ये. पुढे शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ साली दिल्लीत तारा भवाळकर. मालतीबाईंचे नाव या यादीत नाही. परंतु १९८०-८१ च्या सुमारास, साहित्याच्या कारभारात सरकारचा हात नको अशा भूमिकेने काही लेखकांनी मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरविले, त्याच्या अध्यक्ष मालतीबाई होत्या. वय पंचाहत्तरीच्या घरात होते. ज्या बाईने तरुणपणी टोपणनावाआडून समाजाला प्रश्न विचारला, तिने उतारवयात स्वतःच्या नावाने, व्यासपीठावर उभे राहून, सत्तेला प्रश्न विचारला. आमच्या मते त्यांच्या आयुष्याला शोभेल असा हा सन्मान होता.

त्यांच्या लेखनात उणिवा नाहीत असे कोणी समजू नये. विचार सांगण्याच्या ओढीत कथेचा तोल कधी कधी जातो. पात्रे बोलता बोलता निबंध वाचू लागतात. भाषेला वा. म. जोशी यांच्याइतकी सफाई नाही आणि फडक्यांसारखा डौल तर त्यांनी मागितलाच नाही. पण साहित्याचा इतिहास केवळ डौलाने बनत नाही. काशीबाई कानिटकरांनी १९०३ मध्ये 'रंगराव' लिहून स्त्रीलाही कादंबरी लिहिता येते हे दाखविले. विभावरीबाईंनी त्यापुढे जाऊन दाखविले की स्त्री लिहू लागली म्हणजे कादंबरीत अशा गोष्टी येतात, ज्या पुरुषाला सुचल्याच नसत्या : पगाराचे पाकीट, वसतिगृहातील रात्र, धाकट्या भावाची फी.

आता शेवटचा मुद्दा. आपण म्हणाल, ही नव्वद वर्षांपूर्वीच्या पुण्यातील पांढरपेशांची गोष्ट. परळीच्या आम्हां लोकांना तिचे काय? आमचे उत्तर असे आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर आपल्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडण्यास जातात. तेथे हिशेबाला एक कोयता म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा व बायको असे दोघे. पहाटे फडात दोघेही उतरतात. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडीत भरते, आणि परत येऊन चूल पेटविते ती एकटीच. पण मुकादमाकडून उचल मिळते ती बहुधा नवऱ्याच्या हाती. म्हणजे मिळकत तिचीही, पाकीट मात्र दुसऱ्याचे! या बायकांवरील गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वाढला की २०१९ साली शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागली. अक्काच्या पाकिटाची गोष्ट संपली आहे असे आम्हांला वाटत होते. ती संपलेली नाही. ती माजघरातून फडात गेली आहे.

या कोयत्याच्या दुसऱ्या अर्ध्याची कादंबरी अजून तिच्या स्वतःच्या हाताने लिहिली जावयाची आहे. ती लिहिणारी मुलगी कदाचित आज आपल्याच तालुक्यातील एखाद्या शाळेत असेल. आईबाप कारखान्यावर गेल्यामुळे आजीजवळ राहत असेल, किंवा त्यांच्याबरोबर जाऊन वर्ष बुडवीत असेल. तिला शाळेत टिकविणे हे आपल्या हातात आहे. आणि उद्या तिने लिहिले, आपल्याविषयीच लिहिले, आणि ते आपल्याला बोचले, तर हे लिहिणारा पुरुष कोण याचा शोध घेत बसू नये. तिला आपले नाव लपवावे लागू नये, एवढे जरी या गावाने केले, तरी विभावरी शिरूरकरांचे ऋण आपण थोडेफार फेडले असे होईल.